तीन सेकंदांत तीस गोळ्या, फासा मात्र एकच

सिनेमातला नायक बंदूक कमरेला टेकवतो, चाप ओढतो, आणि मग गाणं संपेपर्यंत गोळ्या सुटतच राहतात. जरा हिशेब करून बघा. एके-४७सारखी रायफल मिनिटाला सुमारे ६०० गोळ्यांच्या वेगाने चालते, म्हणजे सेकंदाला दहा. तिच्या मॅगझिनमध्ये काडतुसं ३०. चाप दाबून धरला तर तिसऱ्या सेकंदाला मॅगझिन रिकामं. सिनेमावाल्यांना हे कुणी विचारत नाही, कारण प्रेक्षक मोजायला बसलेला नसतो.

मोजायलाच बसलेली माणसं वेगळी असतात. टेबलाभोवती चार-पाच जण, प्रत्येकापुढे एक कागद, पेन्सिल आणि मूठभर फासे. कुणीतरी म्हणतं, "मी मशीनगन चालवतो." आता खेळ चालवणाऱ्याला तीन गोष्टी सांगाव्याच लागतात: किती गोळ्या लागल्या, कुणाला लागल्या आणि किती उरल्या. प्रत्येक गोळीसाठी फासा टाकायचा तर ३० वेळा टाकायला हवा. तीन सेकंदांची चकमक निकाली काढायला पाच-सात मिनिटं जाणार आणि तोवर बाकीचे मोबाइल काढणार. एकच फासा टाकून मोकळं व्हायचं, तर मशीनगन आणि साधं पिस्तूल यांत फरक काय उरला?

या अडचणीतून वाट काढायचे प्रयत्न गेली चाळीस वर्षं चालू आहेत. त्यात यंत्राचं गणित आहे, शक्यतांचं आहे आणि थोडं माणसाच्या भीतीचंही.

हा खेळ कसला

रोलप्लेइंग गेममध्ये पट नसतो आणि शेवटी कुणी जिंकतही नाही. एक जण गेम मास्टर होतो. तो जग उभं करतो आणि शत्रूंच्या चाली खेळतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्राची चपळाई, ताकद, नेमबाजी हे सगळं आकड्यांत मांडलेलं असतं. पात्राला जमेल की नाही अशी शंका जिथे असेल तिथे फासा टाकायचा, त्यात आपला आकडा मिळवायचा आणि ठरलेली पातळी गाठली का ते बघायचं. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढला, तिथून हा प्रकार पसरला. आता पुण्या-मुंबईतही शनिवार-रविवारी खेळणारे गट आहेत.

तो खेळ तलवारीचा आणि जादूचा. एक वार, एक फासा असा सरळ व्यवहार. पुढे १९८०च्या दशकात काही लेखकांनी खेळ नजीकच्या भविष्यात नेला. फ्रँक चॅडविक यांचा 'ट्वायलाइट: २०००' १९८४ साली आला. तिसऱ्या महायुद्धाने उद्ध्वस्त झालेला पोलंड आणि तिथे अडकून पडलेले सैनिक हा त्याचा विषय. माइक पॉन्डस्मिथ यांचा 'सायबरपंक' १९८८मध्ये आला. तो घडायचा २०१३ साली; १९९०च्या आवृत्तीत त्याचं साल २०२० झालं. 'शॅडोरन' १९८९चा, कथा २०५०मधली. या सगळ्या जगांत मशीनगन सामानाच्या यादीतच होती, आणि एक वार एक फासा हा हिशेब तिच्यापुढे टिकेना.

नळीच्या मागे काय चालतं

नियम समजायचे तर आधी यंत्र बघायला हवं. काडतुसातली दारू पेटली की वायू तयार होतो आणि तो गोळीला नळीतून ढकलतो. बहुतेक आधुनिक मशीनगनमध्ये नळीला पुढच्या बाजूस एक बारीक भोक असतं. तिथून थोडा वायू बाजूला काढतात आणि तो एका दट्ट्याला मागे रेटतो. दट्ट्याबरोबर बोल्ट मागे जातो, रिकामं पुंगळं बाहेर फेकतो, स्प्रिंग दाबतो. स्प्रिंग उलट फिरली की बोल्ट पुढे येताना पट्ट्यातलं नवं काडतूस ओढून नळीमागच्या कोठडीत ढकलतो. चाप दाबलेला असेपर्यंत हे चक्र चालू. हायरम मॅक्सिमने १८८४च्या सुमारास पहिली खरीखुरी मशीनगन केली, तेव्हा त्याने वायूऐवजी मागच्या झटक्यावर हेच काम करून घेतलं. गोळीबाराची वाया जाणारी ताकद पुढच्या गोळीबाराला जुंपायची, ही कल्पना मात्र तीच.

झटक्याचा काही भाग असा कामाला लागतो, उरलेला खांद्यावर येतो. ७.६२ मिलिमीटरची गोळी साधारण साडेनऊ ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला ८०० मीटरच्या वर. तिच्यामागून सुटणारा वायूही धरला आणि मिनिटाला ७५० गोळ्या मोजल्या, तर ढोबळ हिशेबाने खांद्यावर सरासरी १४ किलोचा रेटा सतत राहतो. अवजड १२.७ मिलिमीटरच्या गनला हाच हिशेब लावला तर आकडा ५० किलोच्या घरात जातो. अग्निशमन दलाचा जाड पाइप पाण्याच्या दाबाने भरला की एकट्या माणसाला आवरत नाही, त्याचं तोंड भलतीकडे वळतं. इथेही तसंच होतं. त्यातून नळी खांद्याच्या रेषेच्या किंचित वर असल्याने प्रत्येक झटक्याला तिचं टोक वर उचललं जातं.

म्हणून मशीनगनच्या गोळ्या एका रेषेत जात नाहीत. त्यांचा शंकू होतो. समजा, नळी एका अंशाच्या कोनात हलतेय. दहा मीटरवर त्या शंकूची रुंदी जेमतेम १७ सेंटिमीटर, म्हणजे सगळ्या गोळ्या एका छातीत मावतील. दोनशे मीटरवर तीच रुंदी साडेतीन मीटर. आता तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या दोन्ही बाजूंनी बहुतेक गोळ्या निघून जातील. बंदूक तीच, नेम धरणाराही तोच. बदललंय फक्त अंतर.

एका फाशात तीस गोळ्या

ही भूमिती 'सायबरपंक २०२०'ने एका ओळीच्या नियमात बसवली, आणि मला ती अजूनही या सगळ्या खेळांतली सर्वांत चलाख ओळ वाटते. त्यातल्या लढाईच्या नियमांना 'फ्रायडे नाइट फायरफाइट' असं नाव आहे आणि एक फेरी जेमतेम तीन सेकंदांची. खेळातल्या बऱ्याच रायफलींना फेरीला ३० गोळ्या दिल्या आहेत. सुरुवातीला केलेला हिशेब आठवला तर हा आकडा हवेतून आलेला नाही हे लक्षात येईल. नियम असा: अगदी जवळच्या टप्प्यावर दर दहा गोळ्यांमागे फाशात एक मिळवायचा, त्यापुढच्या टप्प्यांवर दर दहा गोळ्यांमागे एक वजा करायचा. पातळी जितक्या गुणांनी ओलांडली तितक्या गोळ्या लागल्या.

उदाहरण घेऊ. पात्राची चपळाई ८, रायफलीचं कौशल्य ७. जवळच्या टप्प्याची पातळी १५. तीस गोळ्या सोडल्या म्हणून अधिक ३. दहा बाजूंच्या फाशावर ४ पडला. बेरीज २२, पातळीच्या वर ७, म्हणजे सात गोळ्या अंगात. सामान्य माणूस यातून वाचत नाही. आता तोच शत्रू मधल्या टप्प्यावर आहे. पातळी २०, आणि ३ मिळवण्याऐवजी वजा. फासा ४ पडला तर बेरीज १६, तीसच्या तीस गोळ्या हवेत. ९ पडला तर बेरीज २१, आणि तिसांतली एक लागते. शंकूचा उल्लेखही न करता शंकूचं गणित खेळाडूच्या हातून होऊन जातं.

शिवाय तीन गोळ्यांचा तुटक बार वेगळा ठेवला आहे. त्यात जवळ आणि मध्यम अंतरावर सरळ ३ गुण जास्त मिळतात. त्यालाही कारण आहे: पहिल्या दोन-तीन गोळ्या जाईपर्यंत नळी फारशी उचललेली नसते. खरोखरच्या मशीनगनवाल्यालाही सहा ते नऊ गोळ्या सोडून थांबायला शिकवतात.

शॅडोरनने झटक्याकडेच थेट पाहिलं. त्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत दर गोळीमागे लक्ष्य गाठायची पातळी एकाने चढत जाते. सहा बाजूंचे फासे, आणि ६ पडला तर पुन्हा टाकून बेरीज करायची. जवळच्या लक्ष्याची पातळी ४. ती एका फाशावर निम्म्या वेळा मिळते. सहा गोळ्यांचा झटका आवरला नाही तर पातळी १०, आणि ती बारा फाशांत एकदा. मशीनगनसारख्या अवजड शस्त्राला न आवरलेला झटका दुप्पट धरतात. मग पातळी १६ होते आणि ती ७२ फाशांत एकदा मिळते. खेळाडू मग मुकाट्याने सामानाच्या पानाकडे वळतो: नळीच्या तोंडाला वायू वर फेकणारी खाच, पुढे दोन पायांची टेकणी, खाली तिपाई, नाहीतर अंगावर बांधायचा जायरो. प्रत्येक वस्तू काही गोळ्यांचा झटका गिळते. तिपाईशिवाय अवजड मशीनगन चालवणं हा मूर्खपणा आहे, हे शॅडोरन भाषण न देता शिकवतो.

स्टीव्ह जॅक्सन यांच्या 'गर्प्स'मध्ये फेरी एका सेकंदाची आणि हिशेब काटेकोर. गोळ्या जास्त तर नेमात थोडी भर पडते. जितक्या गुणांनी यश मिळालं त्याला बंदुकीच्या झटक्याच्या आकड्याने भागायचं आणि तितक्या गोळ्या वाढवायच्या. कौशल्य १४, सेकंदाला दहा गोळ्यांमुळे १६, तीन फाशांवर १० पडले, फरक ६, झटका २. एकूण चार गोळ्या लागल्या. नियम चोख आहे, पण रात्री अकरा वाजता भागाकार करायला सगळ्यांनाच आवडत नाही.

'सायबरपंक रेड' २०२०च्या नोव्हेंबरात आला. कथा २०४५ची. त्याने किती गोळ्या लागल्या ते मोजणंच सोडून दिलं. सलग गोळीबाराला दहा गोळ्या जातात. पातळी जितक्याने ओलांडली, तितक्याने दोन फाशांच्या बेरजेला गुणायचं. असॉल्ट रायफलीला कमाल चारपट. यात एक मख्खी आहे. नुसत्या एका गुणाने यश मिळालं तर नुकसान दोन फाशांचं, सरासरी ७. समोरच्याच्या अंगात हलकं चिलखत असेल तर तेच ११ अडवतं, म्हणजे दहा गोळ्या खर्चून ओरखडाही नाही. त्याच रायफलीच्या एका नेमक्या गोळीला पाच फासे मिळतात. वर सलग गोळीबाराचं कौशल्य शिकायला दुप्पट गुण मोजावे लागतात. हाती भारी बंदूक आली की अडाणी माणूसही भारी होतो, हा सिनेमाचा भ्रम इथे मोडून निघतो.

---

चौकट: गोळ्यांचा हिशेब कोण कसा करतं

सायबरपंक २०२०: जवळ असताना गोळ्या मदत करतात, लांब असताना अडथळा. पातळी जितक्याने ओलांडली तितक्या गोळ्या लागतात.

शॅडोरन (दुसरी आणि तिसरी आवृत्ती): दर गोळीला नेम बिघडतो. झटका आवरणाऱ्या वस्तू नसतील तर मशीनगन निरुपयोगी.

गर्प्स: यशाचा फरक भागिले झटका. अचूक, पण सावकाश.

सायबरपंक रेड: दहा गोळ्या, एक फासा, एक गुणाकार. वेगवान, पण ढोबळ.

ट्वायलाइट: २००० (चौथी आवृत्ती): जादा फासे टाका, ६ पडले तितका मारा वाढतो, आणि फाशांची बेरीज होईल तितक्या गोळ्या संपतात.

---

न लागणाऱ्या गोळीचं काम

इथवर सगळा विचार लागणाऱ्या गोळ्यांचा झाला. प्रत्यक्ष युद्धात मशीनगनच्या बहुतेक गोळ्या कुणालाच लागत नाहीत, आणि तरीही त्यांनी काम केलेलं असतं. डोक्यावरून गोळ्या जात असल्या की माणूस जमिनीला चिकटतो. तो मान वर काढत नाही, जागा सोडत नाही, नेम धरत नाही. तेवढ्या वेळात दुसरी तुकडी बाजूने सरकते. मशीनगनवाल्याने शत्रूचा एकही माणूस मारला नाही तरी मधला रस्ता त्याने बंद केलेला असतो.

खेळात आणायला हीच गोष्ट सर्वांत अवघड. खेळाडू चहा पीत बसलाय. त्याला काही होणार नाही हे त्याला ठाऊक आहे. पात्र मेलं तर नवा कागद घेतील. मग भीती आणायची कुठून?

'सायबरपंक २०२०'चं उत्तर: भीती राहू द्या, धोका मोजा. ठरलेल्या पट्ट्यात गोळीबार करायचा, पट्टा किमान दोन मीटर रुंद. गोळ्यांची संख्या भागिले पट्ट्याची रुंदी. त्या पट्ट्यातून जाणाऱ्याने चपळाई, व्यायामाचं कौशल्य आणि फासा मिळून तो आकडा मागे टाकायचा. नाही जमलं तर एक ते सहा गोळ्या. तीस गोळ्या दोन मीटरच्या दारावर सोडल्या तर आकडा १५. चपळाई ६, कौशल्य ३ असलेल्याला फाशावर सहा-सात तरी पडायला हवेत. साधारण निम्म्या वेळा तो मार खाणार. त्याच तीस गोळ्या १५ मीटर रुंदीच्या रस्त्यावर पसरल्या तर आकडा २, म्हणजे कुणीही खुशाल पळत जावं. या एका भागाकाराने खेळाडू जागांचा विचार करायला लागतात. बोळ कुठे आहे, जिना किती अरुंद, पुलाचं तोंड कुणी धरायचं, अशा चर्चा सुरू होतात. टेबलावर मग साधारण असं ऐकू येतं:

"मी दाराकडे तोंड करून आडवा होतो. तीस गोळ्या, दोन मीटर."

"पंधरा झाले. काडतुसांच्या पट्ट्यात किती उरल्यात?"

"शंभरच्या... थांब, मागच्या राउंडला तीस गेल्या होत्या ना?"

"मागच्या राउंडला गेल्या, आणि त्याच्या आधीच्यालाही. खोडलं नाहीस तू."

"मग चाळीस होत्या. आता दहा."

"दहा. आणि जिन्यावर अजून तिघं आहेत."

'रेड'ने वेगळा रस्ता धरला. तिथे गोळीबार करणाऱ्याच्या कौशल्याची गाठ समोरच्याच्या इच्छाशक्तीशी आणि एकाग्रतेशी पडते. पंचवीस मीटरच्या आत, उघड्यावर आणि नजरेच्या टप्प्यात असलेले सगळे फासा टाकतात. जो हरला त्याने आपली पुढची हालचाल आडोशाला जाण्यातच खर्च करायची. कुणी मरत नाही, कुणाला खरचटत नाही. मानसिक परिणामाच्या दृष्टीने हे वास्तवाच्या जवळचं आहे आणि टेबलावर झटपट उरकतं. तरी मला ते पुरतं पटत नाही. दहा गोळ्या दारावर मारा की मैदानावर, नियम एकच; चारी दिशांना विखुरलेले लोकही एकदमच पळतात. जागेचा विचार त्यात हरवला.

दुसरी तक्रार खेळाडूंचीच असते: माझं पात्र घाबरलं की नाही ते मी ठरवणार, फासा कोण? ही तक्रार जुनी आहे. 'ट्वायलाइट: २०००'च्या १९८४च्या पहिल्या आवृत्तीतच प्रत्येक पात्राला गोळीबारात डोकं थंड ठेवण्याचा एक आकडा होता, आणि तो वाईट असेल तर पात्र ऐन वेळी थबकायचं. सैनिकी पार्श्वभूमीच्या खेळात लोकांनी हे मान्य केलं. तलवारबाजीतून आलेल्या खेळाडूला मात्र ते अपमानासारखं वाटतं. माझं मत विचाराल तर, नवख्या गटाबरोबर धोका मोजणारा नियम घ्यावा. समोर १५चा आकडा दिसला की शहाणा खेळाडू आपणहून आडोशाला राहतो, आणि निर्णय त्याचाच असतो.

पट्टा, पाठ आणि तापलेली नळी

शस्त्रांच्या यादीत मशीनगनची किंमत लिहिलेली असते. तिचा खरा खर्च काडतुसांच्या वजनात आहे. भारतातही बनणारी बेल्जियन वंशाची 'मॅग' ही मशीनगन रिकामी सुमारे १२ किलोची. ७.६२च्या शंभर काडतुसांचा कड्यांनी जोडलेला पट्टा साधारण तीन किलो. तिचा मोजूनमापून केलेला जलद मारा मिनिटाला २०० गोळ्यांचा, म्हणजे दर मिनिटाला सहा किलो पाठीवरून उतरतात. चाप दाबूनच धरला तर मिनिटाला वीस किलोच्या वर. म्हणून खऱ्या तुकडीत मशीनगन एकाची असली तरी तिचे पट्टे सगळे वाहतात. ही काडतुसं आपल्याकडे खडकी आणि वरणगावच्या कारखान्यांत होतात. तिथल्या पेट्या उचलून पाहिलेल्याला हे गणित वेगळं सांगावं लागणार नाही.

बहुतेक गट वजनाचे नियम पहिल्याच दिवशी बाजूला ठेवतात. मशीनगनच्या बाबतीत हे करू नये. वजन काढून टाकलं की ती फुकटची वस्तू होते आणि बाकी सगळी शस्त्रं निरर्थक. 'ट्वायलाइट: २०००'चं सगळं नाट्यच टंचाईत आहे. मोडून पडलेल्या पोलंडात गाडी चालवायला स्वतः दारूची भट्टी लावून अल्कोहोल गाळावं लागतं आणि काडतुसं कुणी बनवत नाही. तिथे भरलेली मशीनगन गावाचं भवितव्य ठरवते, तर रिकामी म्हणजे १२ किलो लोखंड. या खेळाची चौथी आवृत्ती स्वीडनच्या फ्री लीगने २०२१मध्ये आणली. त्यात किती गोळ्या खर्च झाल्या हे फासे पडल्यावरच कळतं. चाप ओढताना सैनिक मोजत नसतो, त्यामुळे ही अनिश्चितता खरी वाटते. शिवाय पेन्सिलीने काडतुसं खोडण्याच्या कंटाळवाण्या कामात थोडी धाकधूक येते.

नळीच्या उष्णतेकडे मात्र जवळजवळ सगळ्या खेळांनी पाठ फिरवली आहे. मिनिटाला २०० गोळ्यांच्या माऱ्यात नळी दर दोन मिनिटांनी बदलायची असते, शंभरच्या संथ माऱ्यात दर दहा मिनिटांनी. नाही बदलली तर ती झिजते, नेम ढासळतो, आणि तापलेल्या कोठडीत थांबलेलं काडतूस चाप न ओढता आपसूक उडू शकतं. हे टाळायलाच पुष्कळ मशीनगनमध्ये गोळीबार थांबला की बोल्ट मागे राहतो. कोठडी रिकामी राहते, हवा खेळते. खेळातली चकमक मात्र पाच-सहा फेऱ्यांत, म्हणजे वीसेक सेकंदांत आटोपते. तेवढ्यात नळी बदलायची वेळच येत नाही. लेखकांनी हा नियम गाळला ते शहाणपणाचं केलं. वेढा पडलाय, रात्रभर खिंड लढवायची आहे, अशी गोष्ट रचणाऱ्या गेम मास्टरने तो स्वतः घालावा: एक जादा नळी, तिच्यासाठी एक माणूस, आणि बदलताना एक-दोन फेऱ्या गन मुकी.

तेव्हाचं भविष्य, आताचं भविष्य

नजीकच्या भविष्याचे खेळ लवकर शिळे होतात, आणि चुकलेले अंदाज पाहण्यात वेगळीच मजा असते. १९८०च्या दशकात पश्चिम जर्मनीत हेकलर अँड कोखने जी-११ नावाची रायफल तयार केली. तिच्या काडतुसाला पितळी पुंगळं नव्हतं. दारूच्या घट्ट ठोकळ्यातच गोळी बसवलेली. वजन कमी, बाहेर फेकायला काही नाही. तीन गोळ्यांचा बार मिनिटाला दोन हजारांच्या वेगाने जायचा, म्हणजे झटका खांद्यापर्यंत पोचण्याआधी तिन्ही गोळ्या नळीबाहेर. त्या काळी खेळ लिहिणाऱ्यांना पुढच्या सगळ्या बंदुका अशाच असणार असं वाटलं, आणि 'सायबरपंक २०२०'च्या दुकानांत बिनपुंगळ्याची काडतुसं सर्रास मिळू लागली.

प्रत्यक्षात पितळ आणखी एक काम करत होतं. बाहेर फेकलेलं प्रत्येक पुंगळं आपल्याबरोबर उष्णता घेऊन जातं. ते काढून टाकलं की ती उष्णता कोठडीतच साठते आणि काडतूस आपसूक उडण्याचा धोका वाढतो. जर्मनांनी जास्त तापमानाला पेटणारी दारू शोधून तो बराच आटोक्यात आणला. पण १९९०मध्ये दोन्ही जर्मनी एक झाले, शीतयुद्ध सरलं आणि रायफल सैन्यात सरसकट कधी आलीच नाही. सलग चालणाऱ्या मशीनगनला तर ही अडचण रायफलीहून कितीतरी जाचक.

दुसरा अंदाज बराच बरोबर निघाला. सायबरपंकमध्ये बंदूक तारेने थेट मेंदूशी जोडता येते. 'सायबरपंक २०२०'मध्ये त्याचे दोन गुण जास्त मिळतात, 'रेड'मध्ये एक. मेंदूचं अजून जमलेलं नाही. पण अमेरिकी लष्कराने २०२२मध्ये निवडलेल्या नव्या दुर्बिणीत लेसरने अंतर मोजायची सोय आणि गोळीचा मार्ग काढणारा छोटा संगणक आहे. नेम कुठे धरायचा ते ती भिंगातच दाखवते. ती ज्यांच्यावर बसते त्या ६.८ मिलिमीटरच्या नव्या रायफलीचं आणि मशीनगनचं काडतूस जुन्या ५.५६पेक्षा बरंच ताकदवान आणि अर्थातच जड. परिणाम लगेच दिसला. जुन्या रायफलीबरोबर शिपाई ३० काडतुसांची सात मॅगझिनं, म्हणजे २१० काडतुसं बाळगायचा. नव्या रायफलीबरोबर २० काडतुसांची सात, म्हणजे १४०. आज कुणी २०४०च्या दशकात घडणारा खेळ लिहायला बसला, तर नव्या मशीनगनच्या रकान्यात नेमाला दोन गुण आणि नुकसानाला एक फासा खुशाल वाढवावा, आणि पट्टा लहान करावा.